वेठबिगारांचा धनी

अवघ्या अकरा दिवसांत आणि भाड्याच्या सेटवर तयार झालेल्या ‘व्हाइट झोंबी’ने १९३२ मध्ये पडद्याला एक नवे भूत दिले. त्या भुतांच्या धन्याची भूमिका करणारा बेला लुगोसी स्वतःच्या चेहऱ्याचा धनी मात्र कधीच होऊ शकला नाही.

मेल्यानंतरही चालत राहणारे प्रेत, म्हणजे झोंबी, आता शहरी प्रेक्षकाला अनोळखी राहिलेले नाही. संगणकावरील खेळांपासून गोव्यात घडणाऱ्या ‘गो गोवा गॉन’ (२०१३) या हिंदी चित्रपटापर्यंत त्याचा सर्वत्र संचार आहे. माणसांच्या मागे लागून त्यांचे मांस खाणारे प्रेत ही कल्पना रूढ झाली ती जॉर्ज रोमेरोच्या १९६८ मधील ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’पासून. त्याआधीचा झोंबी कोणाला खात नसे. तो राबत असे. हैती बेटावरच्या साखरेच्या गिरणीत, दिवसरात्र, मजुरीवाचून आणि तक्रारीवाचून.

हा राबणारा झोंबी प्रथम पडद्यावर आणला ‘व्हाइट झोंबी’ने. झोंबीवरचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून त्याची नोंद होते. व्हिक्टर आणि एडवर्ड हाल्परिन या बंधूंनी तो सुमारे ५० हजार डॉलरांत उभा केला. त्यात झोंबींच्या क्रूर धन्याची भूमिका केली बेला लुगोसीने. ज्याने तरुणपणी नटांची कामगार संघटना उभारली आणि त्यापायी देश सोडला, त्याच माणसाने ही भूमिका क्षुल्लक मोबदल्यावर स्वीकारली. या विसंगतीत लुगोसीच्या साऱ्या आयुष्याचे सूत्र दडलेले आहे.

लुगोशहून निघालेला मुलगा

बेला फेरेंत्स देझ्यो ब्लाश्को हे त्याचे मूळ नाव. २० ऑक्टोबर १८८२ रोजी तत्कालीन हंगेरीच्या राज्यातील लुगोश या गावी त्याचा जन्म झाला. हे गाव आज रुमानियात आहे. ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीने ज्या ट्रान्सिल्व्हेनियाला जगभर दुर्लौकिक मिळवून दिला, तो प्रदेश तेथून फार दूर नाही. शाळा अर्धवट टाकून बेला लहान वयातच घराबाहेर पडला. अंगमेहनतीची कामे केली आणि गावोगाव हिंडणाऱ्या नाटक मंडळ्यांत शिरला. रंगभूमीसाठी त्याने जन्मगावाचेच नाव धारण केले. लुगोसी म्हणजे लुगोशचा.

लहान गावांच्या रंगमंचावर पडेल ते काम करत १९१३ मध्ये तो बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात दाखल झाला. भूमिका बहुतेक दुय्यमच असत. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात गेला आणि जखमी होऊन परतला. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या हंगेरीत १९१८ च्या अखेरीस राजकीय उलथापालथ सुरू झाली, तेव्हा लुगोसी तीत उतरला तो नटांच्या प्रश्नावर. नाट्यगृहांतील तुटपुंजे वेतन आणि व्यवस्थापकांची मनमानी यांविरुद्ध नटांनी संघटित व्हावे, यासाठी त्याने भाषणे केली, लेख लिहिले आणि संघटना बांधण्यात पुढाकार घेतला. नट हा कलावंत असला तरी तो श्रमिकही आहे, ही त्याची भूमिका होती.

मार्च १९१९ मध्ये बेला कुन याच्या नेतृत्वाखाली हंगेरीत सोव्हिएत पद्धतीची राजवट आली. ती १३३ दिवस टिकली. तिच्या पाडावानंतर डाव्या कार्यकर्त्यांची धरपकड आणि हत्या सुरू झाल्या. लुगोसीचे नाव त्या चळवळीशी जोडले गेले होते. तो प्रथम व्हिएन्नाला आणि तेथून बर्लिनला गेला. पहिली पत्नी माहेरी परतली आणि तो विवाह संपला. बर्लिनमध्ये काही मूकपटांत कामे करून १९२० च्या अखेरीस तो एका मालवाहू जहाजावरून अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला उतरला. वय अडतीस, हाती पैसा नाही आणि इंग्रजी येत नाही, अशी त्याची स्थिती होती.

उच्चारांचे वरदान आणि शाप

न्यूयॉर्कमधील हंगेरियन स्थलांतरितांच्या नाटकांतून त्याने नव्याने सुरुवात केली. १९२२ मध्ये ‘द रेड पॉपी’ या इंग्रजी नाटकात भूमिका मिळाली, तेव्हा त्याने आपले संवाद अर्थ पुरता न कळता केवळ ध्वनीच्या आधारे पाठ केले. शब्द अलग अलग उच्चारण्याची, स्वर लांबवण्याची आणि मध्येच थबकण्याची त्याची लकब या काळातली आहे. पाच वर्षांनी तीच त्याच्या उपयोगी पडली. ५ ऑक्टोबर १९२७ रोजी ब्रॉडवेवर ‘ड्रॅक्युला’ नाटक आले आणि त्याचे २६१ प्रयोग झाले. परक्या देशातून आलेला, खानदानी आणि मृत असूनही वावरणारा सरदार साकारायला परक्या उच्चारांचा हा उंच नट जणू घडवलेलाच होता.

नेमका त्याच महिन्यात ‘द जॅझ सिंगर’ प्रदर्शित झाला आणि हॉलिवुड बोलू लागले. मूकपटाला उच्चारांचे सोयरसुतक नव्हते. बोलपटाने एका फटक्यात परदेशी नटांची पंचाईत केली. पहिल्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेला एमिल यानिंग्ज १९२९ मध्ये जर्मनीला परतला. लुगोसीच्या बाबतीत उलटे घडले. ज्या उच्चारांमुळे इतरांची दारे बंद झाली, त्यांनीच त्याच्यासाठी एक दार उघडले. मात्र ते एकच होते, हे त्याच्या उशिरा लक्षात आले.

युनिव्हर्सल कंपनीने ‘ड्रॅक्युला’ पडद्यावर आणायचे ठरवले तेव्हा लुगोसी ही तिची पहिली पसंती नव्हती. भूमिकेसाठी त्याने जिवाचे रान केले आणि अखेर आठवड्याला ५०० डॉलर या दराने सात आठवड्यांचा करार पत्करला. चित्रपटावर सुमारे ३ लाख ४० हजार डॉलर खर्च झाले. शीर्षक भूमिकेच्या नटाला त्यातले ३,५०० डॉलर मिळाले. फेब्रुवारी १९३१ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने महामंदीत चाचपडणाऱ्या युनिव्हर्सलला मोठा हात दिला. जिच्यासाठी तो इतका अडला होता ती भूमिका त्याने कमी पैशात केली, हे आता साऱ्या हॉलिवुडला ठाऊक झाले होते.

पाठोपाठ ‘फ्रँकेन्स्टाइन’ची जुळवाजुळव सुरू झाली. त्यासाठी लुगोसीच्या नावाचा गाजावाजाही झाला. पण चेहरा रंगांखाली झाकलेला आणि तोंडी संवाद नसलेला तो राक्षस त्याच्या वाट्याला अखेर आला नाही. ती भूमिका बोरिस कार्लोफ या तोवर फारशा परिचित नसलेल्या नटाला मिळाली आणि भयपटांच्या दुनियेत लुगोसीला आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी निर्माण झाला.

अकरा दिवसांचा चित्रपट

हाल्परिन बंधू युनिव्हर्सलसारख्या बलाढ्य कंपनीचे नव्हते. स्वतः पैसा जमवायचा, स्टुडिओची जागा भाड्याने घ्यायची, झटपट चित्रीकरण उरकायचे आणि तयार चित्रपट वितरकाच्या गळी उतरवायचा, असा त्यांचा व्यवसाय. अशा छोट्या निर्मात्यांच्या आणि कंपन्यांच्या जगाला हॉलिवुडमध्ये ‘पॉव्हर्टी रो’, म्हणजे गरिबांची आळी, असे उपहासाने म्हटले जाई. बोलपटाने या आळीचे कंबरडे मोडले होते. ध्वनिमुद्रणाची यंत्रे महाग होती, शांत आणि बंदिस्त स्टुडिओ आवश्यक झाले होते आणि मंदीमुळे तिकिटे खपत नव्हती. जे टिकले ते काटकसरीची नवनवी तंत्रे शोधून.

‘व्हाइट झोंबी’ची कल्पना उचलली गेली ती विल्यम सीब्रुक याच्या ‘द मॅजिक आयलंड’ (१९२९) या हैतीवरील पुस्तकातून. त्यात उसाच्या मळ्यात राबणाऱ्या प्रेतांची हकिकत होती. १९१५ पासून हैती अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता आणि तो १९३४ पर्यंत राहिला. या राजवटीने रस्ते बांधण्यासाठी खेड्यातल्या माणसांना वेठीस धरले होते. त्याआधीचा हैतीचा इतिहास तर फ्रेंचांच्या साखर मळ्यांतील गुलामीचा आणि १८०४ मध्ये तिच्यातून मुक्त झालेल्या गुलामांच्या क्रांतीचा. गुलामाला निदान मरणाने तरी सुटका मिळते. झोंबीला तीही नाही. त्या लोकसमजुतीची भीती ही अशी होती. झोंबीने आपल्याला पकडावे हे भय तिच्यात नव्हते, आपलाच झोंबी व्हावा हे होते. हॉलिवुडला त्यातला इतिहास नको होता, थरार हवा होता. तरीही या चित्रपटात इतिहास शिरलाच.

मार्च १९३२ मध्ये अकरा दिवसांत चित्रीकरण पार पडले, त्यातले बरेचसे रात्री. युनिव्हर्सलचे आवार दिवसा त्यांच्या स्वतःच्या कामात असे. रात्री ते रिकामे पडे. त्याच रिकाम्या रात्रींचा उपयोग करून युनिव्हर्सलने ‘ड्रॅक्युला’ची स्पॅनिश आवृत्ती त्याच सेटवर निराळ्या नटसंचात चित्रित केली होती. हाल्परिन बंधूंनी ती युक्ती भाडेकरू म्हणून वापरली. ‘ड्रॅक्युला’च्या भव्य दालनांचे आणि ‘हंचबॅक ऑफ नोत्र दाम’सारख्या जुन्या चित्रपटांच्या सेटचे तुकडे नव्या प्रकाशात उभे राहिले आणि लेजांद्र या खलपुरुषाचा गड तयार झाला. उघड्या जागेतील काही दृश्ये लॉस एंजेलिसजवळच्या ब्रॉन्सन कॅन्यनमध्ये घेतली गेली. युनिव्हर्सलच्या राक्षसांना रूप देणारा रंगभूषाकार जॅक पिअर्स याचेही साहाय्य मिळाले. सुमारे दीड वर्षापूर्वी ज्या दालनांत लुगोसी सरदार म्हणून वावरला, तेथेच तो आता पाहुण्या निर्मात्याच्या कामासाठी उभा होता.

नटसंचही असाच जुळवलेला होता. नायिका मॅज बेलामी ही मूकपटांतील नावाजलेली तारका. बोलपटात तिचे बस्तान बसले नव्हते, म्हणून ती परवडली. दिग्दर्शक व्हिक्टर हाल्परिनने संवाद शक्य तितके कमी ठेवले. लेजांद्रच्या पुडीने नायिका विवाहाच्या रात्रीच कोसळते आणि थडग्यातून बाहेर काढली जाते ती झोंबी होऊन. त्यापुढे ती जवळपास बोलतच नाही. मूकपटाचा अनुभव असलेल्या नटांना हे सोयीचे होते आणि ध्वनिमुद्रणाची कटकटही त्यामुळे कमी होई. ‘ड्रॅक्युला’मध्ये पार्श्वसंगीत जवळजवळ नव्हते. इथे तयार संगीताचे तुकडे जोडून वातावरण निर्माण केले गेले. गरजेपोटी केलेल्या या निवडींमुळे, सगळे संवादांच्या मागे लागलेल्या त्या काळात, ‘व्हाइट झोंबी’ आवाज आणि शांतता यांच्याकडे निराळ्या कानाने ऐकणारा चित्रपट झाला.

याचा उत्तम प्रत्यय साखरेच्या गिरणीच्या प्रसंगात येतो. नायिकेवर लुब्ध झालेला मळेवाला बोमाँ हा लेजांद्रकडे मदत मागायला गिरणीत येतो. झोंबी डोक्यावर उसाच्या टोपल्या घेऊन रांगेने चालत आहेत, काही जण प्रचंड लाकडी चरक फिरवत आहेत. संगीत नाही, बोलणे नाही. आहे ती केवळ लाकडाची करकर. चालता चालता एक मजूर तोल जाऊन चरकाच्या तोंडात पडतो. कोणी ओरडत नाही, कोणी थांबत नाही. चरक फिरतच राहतो. अमेरिकेत लाखो लोक बेकार झालेले आणि कामावर असलेले कपातीच्या धाकाखाली, अशा १९३२ च्या सालात ही करकर प्रेक्षकांनी ऐकली. मजूर अविश्रांत काम करतात, असे लेजांद्र मळेवाल्याला ज्या समाधानाने सांगतो, त्यात लुगोसीच्या मंद स्वराची सारी धार आहे.

लुगोसीने या भूमिकेत जीव ओतला. टोकदार दाढी, जुळलेल्या भुवया आणि दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून झोंबींना हुकूम देण्याची ती मूठ, या सामग्रीवर त्याने लेजांद्र उभा केला. त्याच्या डोळ्यांचे समीपदृश्य दिग्दर्शकाने अनेकदा वापरले. सुरुवातीलाच अंधाऱ्या रस्त्यावरून बग्गी येते आणि त्या दृश्यावर दोन प्रचंड डोळे उमटतात. छायालेखक आर्थर मार्टिनेलीने टिपलेले हे डोळे म्हणजे या चित्रपटाची सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत स्वस्तात मिळालेली मालमत्ता होती. लुगोसीला मिळालेल्या रकमेचे निरनिराळे आकडे सांगितले जातात आणि त्यातले बहुतेक एक हजार डॉलरच्या आतले आहेत.

युनायटेड आर्टिस्ट्सने वितरण स्वीकारले आणि जुलै १९३२ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात ‘व्हाइट झोंबी’ झळकला. समीक्षकांनी त्याची टर उडवली. अभिनय जुनाट आणि कथा अचाट, असा बहुतेकांचा सूर होता आणि काही प्रमाणात तो रास्तही होता. प्रेक्षकांनी मात्र गर्दी केली आणि खर्चाच्या मानाने चित्रपटाने उत्तम धंदा केला. त्या नफ्यात लुगोसीचा वाटा नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला.

मालकी कोणाची?

दिवाळखोरीला त्याचा सढळ हातही कारणीभूत होता, हे मान्य करायला हवे. पैसा आला की मेजवान्या, हंगेरियन वादक आणि उंची चिरूट यांवर तो उधळत असे. पण एखाद्या नटाला काय द्यायचे हे त्याच्या गरजेवरून ठरवणाऱ्या उद्योगाशीही त्याची गाठ होती. १९३४ च्या ‘द ब्लॅक कॅट’मध्ये कार्लोफ आणि लुगोसी तोडीस तोड भूमिकांत होते. कार्लोफला ७,५०० डॉलर मिळाले, लुगोसीला ३,०००. १९३३ मध्ये स्क्रीन अॅक्टर्स गिल्ड ही नटांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या अगदी सुरुवातीच्या सभासदांत दोघेही होते. बुडापेस्टमध्ये जी लढाई लुगोसी हरला, ती त्याने हॉलिवुडमध्ये पुन्हा सुरू केली होती. तासांची मर्यादा, किमान वेतन, विश्रांती या गोष्टी संघटनेने पुढे मिळवल्या. मात्र दर ठरवताना नट एकटाच टेबलाशी बसे, आणि तेथे लुगोसी नेहमीच कमी पडला.

हाल्परिन बंधूंनी १९३६ मध्ये ‘रिव्होल्ट ऑफ द झोंबीज’ काढला. त्यात लुगोसी नव्हता, तरी त्याचे डोळे होते. ‘व्हाइट झोंबी’तील तेच समीपदृश्य पुन्हा जोडले होते आणि श्रेयनामावलीत त्याचे नावही नव्हते. गंमत अशी की याच चित्रपटावरून मूळ चित्रपटाला पैसा पुरवणाऱ्या कंपनीने न्यायालयात धाव घेतली. शीर्षकातील झोंबी या शब्दावर आपला हक्क आहे, असा तिचा दावा होता आणि तो ग्राह्य धरला गेला. हैतीच्या गुलामांनी जन्माला घातलेल्या शब्दालाही मालक मिळाला. डोळ्यांचा मालक कोण, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

त्या सुमारास भयपटांची लाट ओसरली. ब्रिटनमधील कडक धोरणामुळे तिकडची बाजारपेठ आटली आणि युनिव्हर्सलने असे चित्रपट थांबवले. लुगोसीला घर गमवावे लागले. १९३८ मध्ये मुलगा झाला, तेव्हा बाळंतपणाच्या खर्चासाठी चित्रपट व्यावसायिकांच्या मदतनिधीकडे हात पसरावा लागला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या एका लहान चित्रपटगृहाने जुना ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ पुन्हा लावले. रांगा लागल्या, आणि भयपटांचे दिवस परतले. ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३९) साठी युनिव्हर्सलने लुगोसीला बोलावले ते निम्म्या दराने, आणि त्याचे काम एका आठवड्यात उरकून घेण्याच्या बेताने. दिग्दर्शक रोलंड ली याने हा बेत हाणून पाडला आणि त्याला अखेरपर्यंत चित्रीकरणात ठेवले. मोडक्या मानेचा इगोर ही लुगोसीची बहुधा सर्वोत्तम भूमिका त्यातून घडली.

चाळीसच्या दशकात तो पुन्हा गरिबांच्या आळीत आला. मोनोग्राम कंपनीसाठी त्याने नऊ चित्रपट केले. बहुतेक ‘व्हाइट झोंबी’इतकेच घाईत बनलेले, पण त्यातील कल्पकतेला पारखे. पायातील असह्य वेदनांसाठी सुरू झालेली मॉर्फीनची औषधे व्यसन बनली. एप्रिल १९५५ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तो स्वतःहून सरकारी रुग्णालयात दाखल झाला आणि काही महिन्यांनी बरा होऊन बाहेर आला. व्यसनाची उघड कबुली देणारा नट त्या काळी दुर्मिळ होता. १६ ऑगस्ट १९५६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचे निधन झाले. कुटुंबीयांनी त्याला ड्रॅक्युलाच्या वेषात, झग्यासह दफन केले. दिग्दर्शक एड वूडने मृत्यूपूर्वी घेतलेली त्याची थोडीशी दृश्ये ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’मध्ये वापरली आणि उरलेल्या भागात दुसराच माणूस झग्याने चेहरा झाकून लुगोसी म्हणून वावरला.

पुढे त्याच्या चेहऱ्याची ड्रॅक्युला छापाची खेळणी आणि मुखवटे बाजारात आले. परवाने युनिव्हर्सलने विकले होते. लुगोसीचा मुलगा आणि विधवा पत्नी न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आपल्या चेहऱ्याचा व्यापारी उपयोग करण्याचा हक्क ज्याचा त्याने जिवंतपणी बजावायचा असतो, तो वारशाने मिळत नाही, असे न्यायालयाने ठरवले. हा निर्णय अनेकांना खुपला. विधिमंडळाने कायदा केला आणि १९८५ पासून कॅलिफोर्नियात मृत कलावंताच्या नावावर, आवाजावर आणि चेहऱ्यावर त्याच्या वारसांचा हक्क मान्य झाला.

संगणकाच्या साहाय्याने मृत नटांना पुन्हा पडद्यावर चालवण्या-बोलवण्याची सोय आता झाली आहे. २०२३ मध्ये हॉलिवुडचे नट ११८ दिवस संपावर गेले, त्यात आपल्या प्रतिमेच्या अशा वापरावर आपली संमती आणि मोबदला असावा ही एक प्रमुख मागणी होती. संप पुकारणारी संघटना ही लुगोसीच्या गिल्डचीच आजची पिढी होय. ‘व्हाइट झोंबी’ आज अमेरिकेत कोणाच्याच मालकीचा नाही. तो कोणीही, केव्हाही, फुकट पाहू शकतो. त्या गिरणीतल्या प्रसंगात चरक करकरत असताना लेजांद्र मजुरांकडे पाहतो, तेव्हा पाहणारे डोळे एका अशा नटाचे आहेत, ज्याला आपल्या श्रमाचे मोल ठाऊक होते आणि जो ते कधीही वसूल करू शकला नाही.